माळरान, तणमोर आणि आपण
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी गिरणी कामगार. शाळा फार झाली नाही, जे शिकलो ते वाचून शिकलो. आज आपल्या वाशिम जिल्ह्यातल्या एका अशा विद्येबद्दल बोलतो, जिची पदवी कुठेच मिळत नाही.

आपले फासेपारधी बांधव घ्या. गवत कुठे दबलं, आवाज कोणत्या पाखराचा, अंडी कुठे असतील, हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्या कळतं. अशा जाणत्या लोकांवर इंग्रजांच्या १८७१ च्या कायद्याने जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला. तो कायदा १९५२ साली गेला. लोकांच्या नजरेतला संशय काही गेला नाही. बाबासाहेबांनी १९४८ साली ‘द अनटचेबल्स’च्या प्रस्तावनेत अस्पृश्यांच्या बरोबरीने या जमातींचाही प्रश्न मांडला होता. म्हणून हा विषय आपल्या घरचाच आहे.

आता तणमोराकडे येऊ. हा गवतात राहणारा पक्षी. पावसाळ्यात नर गवताच्या वर सारखा उड्या मारतो, मादीला दिसावा म्हणून. त्याच उड्यांमुळे तो शिकाऱ्यालाही दिसतो. मादी उघड्या जमिनीवर, गवताच्या आडोशाला अंडी घालते. नाकतोडे, किडे हे त्याचं खाद्य, म्हणजे आपल्या वावराचा तो राखणदारच. २०२१ पासून जगाच्या यादीत तो अतिसंकटग्रस्त आहे. कारण काय? माळ नांगरला गेला, पेटवला गेला, शिकार झाली.

पण अकोला-वाशिमकडच्या फासेपारध्यांनी कारंजा लाडच्या ‘संवेदना’ संस्थेच्या सोबतीने उलटं करून दाखवलं. ज्या डोळ्यांनी पाखरू हेरायचं, त्याच डोळ्यांनी ते राखायचं. तणमोर कुठे दिसला ते तेच सांगू लागले, गवताळ माळ राखायला तेच पुढे आले. ही विद्या बाहेरून आणता येत नाही.

सम्राट अशोकाच्या पाचव्या स्तंभलेखात काय आहे? न मारायच्या पशुपक्ष्यांची यादी आहे. जीव असलेला भुसा पेटवू नये, विनाकारण रान जाळू नये, असंही सांगितलं आहे. पहिलं शील आपण रोज म्हणतो. ते माळावर पाळायचं कसं, याचं हे उत्तर आहे.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच. एक, गावच्या ई-क्लास माळाला पडीक म्हणू नका. ते गवत गुरांचं आणि पाखरांचं घर आहे. दोन, वर्धापनदिनाला झाडं जरूर लावा, पण विहाराच्या आवारात, रस्त्याच्या कडेला, धुऱ्यावर लावा. गवताच्या माळात खड्डे खोदून तिथलं घर मोडू नका. तीन, गावात चोरी झाली की पहिलं बोट पारध्याच्या पालाकडे जातं, ते आपलं तरी जाऊ नये. आपल्याकडे बोट दाखवलं जायचं, ते दिवस आपण विसरलो का?

ग्रामसभेत माळाचा विषय निघेल त्या दिवशी पारधी भगिनींना आणि बांधवांना सोबत घेऊन जा, आणि आधी त्यांना बोलू द्या.

जयभीम! नमो बुद्धाय!