उतारवयातले परगाव



मुलगा कर्ता झाला, नातवाचे तोंड पाहिले, की पतिपत्नींनी घर सोडून वनात जावे, असे आपल्या शास्त्रकारांनी सांगून ठेवले आहे. आम्ही नांदेड-लातूरची पेन्शनर मंडळी वनात जात नाही. जायला वनही फारसे उरलेले नाही. बहुतेक सरकारी नोकर ५८व्या वर्षी मोकळे होतात. मुले पुण्याला, हैदराबादला किंवा साता समुद्रांपलीकडे असतात, आणि पुढली पंधरा-वीस वर्षे सकाळचे फिरणे, वर्तमानपत्र आणि औषधाच्या गोळ्या यांत वाटली जातात. ही वर्षे परक्या गावी, एखाद्या खेड्यात, प्रसंगी परमुलखातही, लोकांच्या कामी लावता येतील काय, आणि येत असतील तर कशी, एवढाच आजचा प्रश्न आहे.

या प्रश्नाचे अर्धे उत्तर नांदेडकरांच्या डोळ्यांसमोरच आहे. हुजूर साहिबच्या गुरुद्वारात पंजाबातून आणि परदेशांतूनही वयस्क जोडपी येतात. कोणी लंगरात भांडी घासतो, कोणी पोळ्या लाटतो, कोणी भाविकांचे जोडे सांभाळतो. त्यांत अधिकारी कोण आणि शेतकरी कोण हे ओळखू येत नाही. आपल्याला काय येते हे तेथे कोणी सांगत बसत नाही. काय काम आहे, एवढेच विचारतो. आमच्या मते सेवेचा पहिला धडा हाच. तथापि गुरुद्वारात काम ठरलेले असते. खेड्यात ते शोधावे लागते, आणि तेथेच खरी अडचण सुरू होते.

म्हातारपणी परदेशी सेवेला जाण्याचे एक उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच घडले. अमेरिकेत १९६१ साली 'पीस कोर' नावाचे स्वयंसेवक दल निघाले. लिलियन कार्टर या ६८ वर्षांच्या विधवा परिचारिका १९६६ साली त्या दलातून मुंबईला आल्या आणि विक्रोळीच्या गोदरेज वसाहतीत त्यांनी जवळजवळ दोन वर्षे रुग्णसेवा केली. त्यांचे चिरंजीव जिमी कार्टर पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झाले. आईनंतर चाळीस वर्षांनी, २००६ साली, हेच जिमी आणि त्यांच्या पत्नी रोझालिन लोणावळ्याजवळच्या पाटण गावी घरे बांधायला आली. त्यांचे वय ८२, बाईंचे ७९. बरोबर शेकडो स्वयंसेवक, आणि उद्दिष्ट शंभर घरांचे. ज्या 'हॅबिटॅट' संस्थेमार्फत हे काम झाले, तिची रीत ध्यानात घेण्यासारखी आहे. घर फुकट मिळत नाही. ज्याचे घर तो स्वतः कामाला हात लावतो आणि कर्ज हप्त्याहप्त्याने फेडतो. पाहुणा निघून गेला तरी घरात मिंधेपणा राहत नाही, हे त्या रीतीचे मर्म.

परंतु आठवड्याभरात भिंत उभी राहते, गाव काही कळत नाही. गाव न कळता केलेल्या उपकाराचे काय होते, हे लातूरकरांना सांगायला नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने हजारो माणसे दगडमातीच्या घरांखाली गेली. देशातून आणि परदेशांतून मदतीचा ओघ आला, आणि लातूर व तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतील ५२ गावे नव्या जागी वसली. त्या मदतीचे मोल कमी लेखणारा कृतघ्न ठरेल. तरीही हे म्हटले पाहिजे, की कित्येक गावांत आखणी शहरी वसाहतीसारखी झाली. सरळ रुंद रस्ते आले, सुटी सुटी घरे आली. पण भावकीचा वाडा मोडला. बैल कोठे बांधावे, कडबा कोठे रचावा, हे प्रश्न शेतकऱ्याने राहायला आल्यावर सोडवले. देणाऱ्यांनी हात सढळ ठेवला, पण घेणाऱ्याला पुरेसे विचारले नाही.

याच्या उलट बाजूला बाबा आणि साधनाताई आमटे यांचे उदाहरण ठेवावे. १९९० साली हे दांपत्य भरभराटीला आलेले आनंदवन सोडून मध्य प्रदेशात, बडवानीजवळ नर्मदाकाठच्या कसरावद येथे राहायला गेले. बाबा ७५ वर्षांचे, पाठीच्या दुखण्यामुळे त्यांना बसताही येत नसे. साधनाताई साठी ओलांडलेल्या. धरणात बुडणाऱ्या लोकांच्या शेजारी राहायचे, एवढाच त्यांचा संकल्प. सुमारे दहा वर्षे ती दोघे तेथे राहिली. धरण थांबले नाही. मग काय साधले, असे कोणी विचारील. बुडणाऱ्याला आपण एकटे नाही असे वाटणे हेही साधणेच आहे, आणि ते आठवड्यात साधत नाही.

आता आपल्याकडे येऊ. जोडप्याने जाण्यात एक मोठा लाभ आहे. परका पुरुष खेड्यात पारापर्यंत पोचतो. चुलीपर्यंत पोचते ती बाई. मुलीची शाळा का सुटली, सुनेला रक्त का कमी, हे पारावर कळत नाही. पण याच ठिकाणी आम्हा पुरुषांनी मनाशी हिशेब करावा. पेन्शनीचा कागद नवऱ्याला मिळतो. बायकोच्या स्वयंपाकघराला तो लागू होत नाही. परगावी नवऱ्याने समाजसेवा करावी आणि बायकोने त्याच्या भाकरी थापाव्यात, असे झाले तर त्या गावाला सेवक एकच मिळाला, आणि तोही दुसऱ्याच्या जिवावर. ज्याला स्वतःचे ताट धुता येत नाही, त्याने गाव स्वच्छ करण्याचा विचार तूर्त लांबणीवर टाकावा.

दुसरी गोष्ट प्रकृतीची. आपल्या गोळ्या, आपले पथ्य, आपला खर्च आपल्याजवळ असावा. सेवकाची सेवा करण्याची पाळी गावावर येऊ नये; मराठवाड्याचे खेडे पाहुण्याला उपाशी ठेवत नाही, म्हणूनच ही काळजी अधिक घ्यायची.

म्हणून आमची सूचना लहान आहे. परदेश पुढे पाहू. आधी कंधार, मुखेड, औसा, निलंगा या तालुक्यांतले, जेथे आपले सोयरेधायरे नाहीत, असे एक गाव निवडावे. मृगापासून दिवाळीपर्यंत, एक खरीप, उभयतांनी तेथे काढावा. पहिला महिनाभर कोणतीही योजना मांडू नये; ऐकावे आणि सांगतील ते काम करावे. आपण परतल्यावर ते काम गावातल्याच कोणी चालू ठेवले, तर आपण तेथे होतो असे समजावे. न ठेवले, तर हवापालट झाला एवढ्यावर समाधान मानावे.