संगणकाचा पडदा ओळख विसरतो तेव्हां

शहरांतील सुशिक्षित घरांतून हल्लीं संगणकाला दुसरा मोठा पडदा, म्हणजे मॉनिटर, जोडलेला पुष्कळदां आढळतो. लॅपटॉपच्या लहान पडद्यावर दिवसभर हिशेबाचे तक्ते वाचणें तरुणांसही जड जातें. मग ज्यांची साठी उलटली आहे आणि चष्म्याचा नंबर वाढतच आहे, त्यांच्याविषयीं काय सांगावें! अशा घरीं एके रात्रीं संगणक आपलें नवें अपडेट उतरवून घेतो, एकदोन वेळां आपणच बंद होऊन सुरू होतो, आणि सकाळीं पाहावें तों मोठा पडदा काळा. त्यावर ‘नो सिग्नल’ एवढे दोन शब्द तरंगत असतात. संगणकास विचारावें तर त्याचें उत्तर असें कीं, दुसरा पडदा जोडलेलाच नाहीं. वास्तविक वायर तीच, मेज तेंच, आणि काल रात्रीं दहा वाजेपर्यंत सर्व कांहीं सुरळीत होतें.

या प्रसंगीं घरांत दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, मॉनिटर गेला, नवा आणा. दुसरा म्हणतो, संगणक साफ पुसून पहिल्यापासून भरा. पहिल्याचें ऐकावें तर चांगली वस्तु भंगारांत जाते आणि कित्येक हजार रुपये विनाकारण खर्ची पडतात. दुसऱ्याचें ऐकावें तर मुलांचीं छायाचित्रें आणि वर्षानुवर्षांचे कागद एका क्षणांत नाहींसे होण्याचें भय. दोन्ही मतें उतावीळपणाचीं आहेत. अपडेट झाल्या रात्रीच पडदा दिसेनासा झाला, तर दोष बहुधा पडद्यांत नसतो, संगणकाच्या यंत्रांतही नसतो; तो दोघांच्या ओळखींत असतो.

ही ओळख कशी पटते हें पाहण्यासारखें आहे. एचडीएमआय वायरीच्या टोकास १९ सुया असतात. चित्र वाहून नेण्याचें काम त्यांतील बऱ्याच सुयांकडे आहे. परंतु १८ वी सुई संगणकाकडून पांच व्होल्ट वीज पडद्याकडे नेते, आणि १९ वी सुई पडद्याकडून उलट निरोप आणते कीं, ‘हजर!’ वर्गांत हजेरी घेतात त्यांतलाच हा प्रकार. हजर असा शब्द आला म्हणजे संगणक १५ व्या व १६ व्या सुईच्या वाटेनें पडद्याचें नांवगांव विचारतो. तें सर्व पडद्याच्या पोटांत १२८ बाइटांच्या एका टिपणांत लिहिलेलें असतें. या टिपणास ईडीआयडी म्हणतात. व्हेसा या संस्थेनें त्याचा नमुना १९९४ सालीं ठरवून दिला. उत्पादकाचीं तीन अक्षरें, मालाचा क्रमांक, तो कोणत्या वर्षीं तयार झाला, कोणत्या मापाचें चित्र त्यास मानवतें, इतका मजकूर त्यांत असतो. शेवटचा बाइट केवळ ताळ्यासाठीं राखून ठेविलेला आहे. सर्व १२८ संख्यांची बेरीज २५६ नें निःशेष भागली गेली नाहीं, तर टिपण बिघडलेलें समजावें. गणिताच्या शिक्षकाचें मन प्रसन्न व्हावें अशी ही युक्ति आहे.

आतां हें टिपण वाचून घेणारा संगणकाच्या बाजूचा कारकून म्हणजे ड्रायव्हर नांवाचें सॉफ्टवेअर. अपडेटमध्यें पुष्कळदां हा कारकूनच बदलतो. नव्या कारकुनास त्या विशिष्ट ग्राफिक्स कार्डाची भाषा पुरती येत नाहीं, किंवा त्याची नेमणूकच अर्धवट झालेली असते. विद्यार्थी घसा फोडून ‘हजर’ म्हणत आहे आणि पटावर लिहून घेणारा कोणी नाहीं, अशी स्थिति होते. आणि शिक्षा मात्र विद्यार्थ्यास, म्हणजे त्या बिचाऱ्या मॉनिटरला!

म्हणून कशासही हात लावण्यापूर्वीं दोष कोणत्या बाजूस आहे हें ठरवावें. घरांत टीव्हीचा सेट टॉप बॉक्स असतो. त्यास तीच वायर आणि तोच मॉनिटर जोडून पाहावा. चित्र आलें तर दोघेही निर्दोष सुटले. दुसरी कसोटी याहून सोपी आहे. संगणक बंद करून पुन्हां सुरू करावा आणि पहिल्या कांहीं क्षणांत मोठ्या पडद्याकडे पाहत राहावें. विंडोज जागें होण्यापूर्वीं उत्पादकाचें बोधचिन्ह त्यावर उमटलें आणि मग अंधार झाला, तर वायर, पडदा आणि खांच तिन्ही शाबूत आहेत. बिघाड विंडोजच्या पोटांत आहे. चिन्ह उमटलें नाहीं म्हणून मात्र लगेच उलट निकाल देऊं नये, कारण कित्येक लॅपटॉप तें चिन्ह आपल्याच पडद्यावर दाखवितात.

किरकोळ गोष्टी आधीं उरकून घ्याव्या. मॉनिटरचें बटण दाबून भागत नाहीं. त्याची पिन भिंतींतून काढून दोनचार मिनिटें तशीच ठेवावी, संगणकही पूर्ण बंद करावा, आणि मग दोन्ही सुरू करावे. मॉनिटरच्या यादींत एचडीएमआय किंवा डिस्प्लेपोर्ट यांपैकीं जी वाट वापरांत आहे तीच निवडलेली आहे ना, हेंही पाहावें. मेजावरच्या मोठ्या संगणकांत स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड असेल, तर वायर त्या कार्डासच लावलेली हवी, शेजारच्या मदरबोर्डाच्या खांचेस नव्हे. यूएसबी-सी या खांचेचें तर मोठेंच कोडें आहे. बाहेरून सगळ्या खांचा आणि सगळ्या वायरी जुळ्या भावंडांसारख्या. पण एखादी केवळ विजेपुरती, एखादी चित्रही नेणारी. घाईंत फोनच्या चार्जरची वायर मॉनिटरला लागली, तर अपडेटवर दोष ठेवणें अन्यायाचें होईल.

एवढें करून पडदा काळाच राहिला, तर विंडोजकडे वळावें. विंडोजची कळ आणि पी हीं दोन्ही एकदम दाबलीं असतां चार पर्याय समोर येतात. त्यांत ‘पीसी स्क्रीन ओन्ली’ असें निवडलेलें दिसलें तर तें सोडून ‘एक्स्टेंड’ घ्यावें. त्यानें काम झालें नाहीं तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी या चार कळा एकाच वेळीं दाबाव्या. पडदा क्षणभर मिटतो आणि ड्रायव्हर नव्यानें उठून बसतो. उघडे असलेले कागद यानें बंद होत नाहींत. मग सेटिंग्जमधील सिस्टिम व त्यांतील डिस्प्ले या भागांत ‘डिटेक्ट’ नांवाचें बटण आहे, तेंही दाबून पाहावें. ती पुन्हां हजेरी घेण्याचीच आज्ञा होय.

खरा उलगडा बहुधा डिव्हाइस मॅनेजरमध्यें होतो. स्टार्ट बटणावर माऊसची उजवी कळ दाबली कीं हें नांव यादींत सांपडतें. तेथें ‘डिस्प्ले अडॅप्टर्स’ या मथळ्याखालीं इंटेल, एएमडी किंवा एनव्हिडिया यांचें नांव असावयास पाहिजे. त्याऐवजीं ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर’ असें दिसलें, तर चोर सांपडला असें खुशाल समजावें. हा बदली कारकून एका पडद्यापुरतें कसेंबसें काम निभावतो. दुसऱ्या पडद्याचें त्यास झेपत नाहीं. अशा वेळीं लॅपटॉपच्या उत्पादकाच्या अधिकृत ठिकाणाहून योग्य ड्रायव्हर आणून बसवावा. एका बटणांत सर्व ड्रायव्हर दुरुस्त करून देण्याच्या जाहिराती करणाऱ्यांस दारांतही उभें करूं नये. नांव बरोबर आहे पण पडदा नाहीं, असें असेल तर त्याच नांवाच्या ‘प्रॉपर्टीज’मध्यें ‘रोल बॅक ड्रायव्हर’ हा पर्याय आहे. त्यानें जुना कारकून परत येतो. तो पर्याय पुसट दिसला तर जुनी प्रत उरलेली नाहीं असें जाणावें, आणि ‘अपडेट हिस्टरी’मध्यें जाऊन नुकतेंच बसलेलें अपडेट काढून टाकावें.

विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपल्यामुळें अनेक घरें विंडोज ११ वर गेलीं, आणि त्या स्थलांतरांत ही अडचण कित्येकांच्या वाट्यास आली. अशा मोठ्या बदलानंतर मागें फिरण्यास साधारणतः दहा दिवसांची मुदत असते. ‘रिकव्हरी’मधील ‘गो बॅक’ हें बटण त्यानंतर निरुपयोगी होतें. म्हणून अपडेटची तारीख कॅलेंडरावर लिहून ठेवणें हिताचें. परत फिरण्यापूर्वीं कागदांची प्रत बाहेरच्या डिस्कवर काढावी, हें निराळें सांगणें नको.

ॲपलच्या संगणकांची तऱ्हा थोडी वेगळी आहे. तेथें कांहीं मॉनिटर डिस्प्लेलिंक जातीच्या अडॅप्टरमधून जोडतात. त्यांत चित्र यूएसबीच्या वाटेनें जातें आणि बहुतेक भार सॉफ्टवेअरवर पडतो. २०१८ सालीं मॅकओएस १०.१३.४ ही आवृत्ति आली, तेव्हां असे पडदे ठिकठिकाणीं एकदम काळे झाले होते. तेथें ना वायरीचा दोष होता, ना पडद्याचा. पुढें २०१९ मध्यें आलेल्या १०.१५ या आवृत्तीपासून त्या सॉफ्टवेअरला ‘स्क्रीन रेकॉर्डिंग’ची परवानगी लागूं लागली. २०२० च्या एम१ मॅकबुक एअरला स्वतःच्या बळावर बाहेरचा एकच पडदा चालवितां येतो. दुसरा चालतो तो डिस्प्लेलिंकच्या आधारानें. तेव्हां अशा यंत्रावर अपडेटनंतर एक पडदा ठीक आणि दुसराच तेवढा काळा असें दिसलें, तर वायरी उपसण्यापूर्वीं सेटिंग्जच्या ‘प्रायव्हसी’ भागांत जाऊन ती परवानगी अद्याप दिलेली आहे कीं नाहीं, तें पाहावें. नसेल तर ती द्यावी आणि डिस्प्लेलिंकचें सॉफ्टवेअर बंद करून पुन्हां सुरू करावें.