लग्न, बयाणा आणि बाजार
(कार्यकर्ता शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्हाला ‘संस्कृती आणि बाजार’ हा विषय दिलाय. नाव जड आहे, पण गोष्ट आपल्या पाड्यातलीच आहे. म्हणून लग्नावरूनच बोलतो.

शहरातून येणारे सांगतात, आदिवासींची संस्कृती बिघडली. पोरांना पँट पाहिजे, लग्नाला बँड पाहिजे, तारपा कोणाला नको. आपले म्हातारेही तेच बोलतात. सगळा दोष पोरांच्या माथी. आम्हाला हे पटत नाही. रीत कशावर उभी असते ते आधी बघायला पाहिजे.

जुनं लग्न आठवा. मांडवाचे बांबू आणि पाला जंगलातला. जेवायला पळसाची पानं. चौक लिहायला घरच्या तांदळाचं पीठ, भिंतीला गेरू, ताडी आपल्या झाडाची. लग्न लावायला धवलेरी, भटाचं काम नाही. गाववाले आपापल्या घरून भात घेऊन यायचे. घरात कणसरी होती म्हणून तोंडात कणसरीचं गाणं होतं. जमीन आणि जंगल हातात होतं, त्यावर ही सगळी रीत उभी होती.

कार्ल मार्क्सने हेच मांडलं. माणसं पोट कशावर भरतात आणि ते साधन कोणाच्या ताब्यात आहे, त्यावरून त्यांचे कायदे, देवधर्म, रीतिरिवाज घडतात. तो इथपर्यंत आला कसा, तर लाकडाच्या मोळीवरून! जर्मनीत ऱ्हाईन नदीच्या मुलखात गरीब लोक पूर्वापार जंगलात पडलेल्या काटक्या गोळा करायचे. ती चोरी ठरवायचा कायदा निघाला. 1842 साली मार्क्सने त्यावर वर्तमानपत्रात लिहिलं. तेव्हा तो 24 वर्षांचा होता, इथे बसलेल्या पोरांएवढाच. पुढे त्याने स्वतःच सांगितलं की असल्या प्रश्नांमुळे तो अर्थशास्त्राकडे वळला. मोळीपायी गार्डाला कोंबडी दिलेल्या माणसाला हे वेगळं समजवायला नको.

आपल्याकडे 1878 ला जंगल कायदा आला. त्याच साली मुंबई इलाख्यात अबकारी कायदा आला. घरी दारू गाळणं गुन्हा झाला. 1892 ला ठाणे, कुलाबा जिल्ह्यांत मोहाच्या फुलांवरसुद्धा कायदा झाला. झाड दारात, आणि दारू ठेकेदाराच्या दुकानातून विकत! गिऱ्हाईक असं तयार करतात. आधी हातातलं काढून घ्यायचं, मग तेच विकायचं.

जमीन गेली तसं लग्नालाही जमीनदाराचे पैसे घ्यावे लागले, आणि नवराबायको दोघं त्याचे लग्नगडी झाले. 1945 ला झरीच्या सभेपासून वारली उठले. तलवाड्याला गोळीबारात पाच जण गेले. तेव्हा वेठ आणि लग्नगडी मोडली.

आज लग्नासाठी वीटभट्टीच्या मालकाचा बयाणा घेतात. तो पैसा भाड्याचा मांडव, बँड, साड्या, भांडी यांत जातो. दिवाळी झाली की पाड्यात टेम्पो येतो, आणि दोघं पावसाळ्यापर्यंत भट्टीवर. हिशेब मालकाच्या वहीत. मग हा लग्नगडी नाही तर कोण?

आता पोराला बँड का पाहिजे? भट्टीवर, बाजारात, एसटीत त्याला कपड्यावरून हिणवतात. बँड वाजवून तो सांगतो, आम्ही पण माणसं आहोत. ही भूक खरी आहे, तिला हसू नका. कंपनीवाल्याला ती आपल्याआधी कळते. शाम्पूची पुडी पाड्यातल्या दुकानात पोचली, रेशनचा तांदूळ अजून वाटेतच असतो. आणि गंमत बघा, आपल्या बाया लग्नात लिहितात तो चौक आता मुंबईत कागदावर विकत मिळतो. चौक गेला बाजारात आणि बँड आला पाड्यात.

एकसाली प्लॉट नावावर झाले, मोहा-बांबूवर गावाचा हक्क आला, की लगेच तारपा वाजेल असं आम्ही म्हणत नाही. वाजेल की नाही ते पोरं ठरवतील. पण लग्नापायी बयाणा घ्यायची पाळी तरी टळेल.

शिमग्यानंतर लग्नं सुरू होतील. त्याआधी प्रत्येक पाड्याने बैठक घ्या. मागच्या वर्षीच्या लग्नांत काय काय विकत आणलं, त्यातलं पूर्वी जंगलातून आणि शेतातून काय यायचं, बयाणा किती आणि कोणाचा, हे लिहून काढा. बायांना विचारा, खर्च त्यांनाच पाठ असतो. लिहिणारं कोणी नसेल तर शाळेतल्या पोरांना बसवा. तो कागद प्लॉटच्या अर्जांबरोबर तालुक्याच्या बैठकीला आणा.