नगरपरिषदेचा हिशेब : रस्ता, वाढ आणि सांडपाणी

(नगरपरिषद निवडणुकीनंतर कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



पिंपळगाव बसवंत हे गाव आता कायद्याने शहर झाले आहे. निफाड तालुक्यातील या मोठ्या बाजारपेठेच्या गावाचा कारभार वर्षानुवर्षे ग्रामपंचायतीकडे होता. डिसेंबर २०२५ मध्ये राज्यातील नगरपरिषदांच्या निवडणुका झाल्या, त्या वेळी येथील मतदारांनी प्रथमच नगराध्यक्ष आणि नगरसेवक निवडण्यासाठी मत दिले. निवडणूक झाली, गुलाल धुतला गेला. आता पाच वर्षांचा कारभार पुढे आहे आणि म्हणूनच उमेदवारांनी काय सांगितले याची चिकित्सा करण्याची वेळही हीच आहे. प्रचाराच्या धामधुमीत ती कोणी ऐकून घेत नाही.

वाढत्या बाजारगावातील कोणत्याही नगरपालिका निवडणुकीची पत्रके एकापुढे एक मांडून पाहावीत. पक्ष कोणताही असो, तीन आश्वासने हटकून आढळतात. वाहतुकीची कोंडी फोडू, गावाचा विकास करू आणि भुयारी गटार आणू. या तिन्ही गोष्टींना कोणाचाच विरोध नसतो. ज्या प्रश्नावर सर्व उमेदवारांचे एकमत असते, त्या प्रश्नातील खरा वाद कोठेतरी झाकून ठेवलेला असतो, एवढे ओळखण्याइतका राजकारणाचा अनुभव या सभागृहातील प्रत्येकाजवळ आहे. येथे झाकलेला वाद खर्चाचा आहे. रस्त्यावरच्या गर्दीतून आणि जमिनीच्या वाढत्या किमतीतून पैसा कोण मिळवतो आणि त्या गर्दीचा व त्या वाढीचा बोजा कोण वाहतो, हा प्रश्न एकाही पत्रकात विचारलेला नसतो.

प्रथम वाहतूक घेऊ. पिंपळगाव मुंबई–आग्रा महामार्गावर वसले आहे. निफाडकडून येणारा रस्ता आणि वणी–सापुताऱ्याकडे जाणारा रस्ता येथेच या महामार्गाला भेटतात. त्यात बाजार समिती आहे. टोमॅटो, कांदा आणि द्राक्ष या तीन पिकांनी या गावाचे नाव देशभर नेले. खरिपाचा टोमॅटो ऑगस्टपासून पुढे बाजारात येऊ लागतो. त्या दिवसांत वीस-वीस किलोंच्या क्रेटांनी भरलेली पिकअप आणि ट्रॅक्टर यांची रांग लागते आणि लिलाव उरकला की परप्रांतात जाणारे ट्रक भरू लागतात. नेमका हाच काळ पावसाचा. म्हणजे रस्ता ज्या आठवड्यांत सर्वांत भरलेला असतो, त्याच आठवड्यांत गटारही भरलेले असते. २०२३ च्या जुलै-ऑगस्टमध्ये टोमॅटोच्या भावाने आकाश गाठले आणि सप्टेंबरात तो कोसळला, तेव्हा जिल्ह्यातील शेतकऱ्यांवर माल रस्त्यावर ओतण्याची पाळी आली. अशा वेळी ओतलेला माल अखेर गटारातच जातो. वाहतूक आणि सांडपाणी यांची खाती पालिकेच्या कचेरीत वेगळी असली, तरी चौकात ती एकच असतात.

या गर्दीतून निर्माण होणारा पैसा कोठे जातो? महामार्गावरील पथकर महामार्गाच्या यंत्रणेकडे जातो. बाजारातील शेतमालावरचा बाजार शुल्काचा पैसा १९६३ च्या पणन कायद्यानुसार बाजार समितीकडे जातो. ट्रकभाड्यावरचा, डिझेलवरचा आणि हॉटेलातील जेवणावरचा कर केंद्र आणि राज्य यांच्यात वाटला जातो. नगरपरिषदेच्या वाट्याला येते ती घरपट्टी, पाणीपट्टी, काही किरकोळ फी आणि फुटलेला रस्ता. पूर्वी नगरपालिकांना जकात होती. ती १९९९ मध्ये रद्द झाली. जकातीचे गोडवे गाण्याचे कारण नाही. जकात नाका हेच कोंडीचे आणि लाचखोरीचे ठाणे होते आणि हा कर अखेर गरीब ग्राहकाच्या डोक्यावर बसत होता. पण तिच्या जागी आले ते सहायक अनुदान. स्वतःचा कर गेला आणि मुंबईच्या मर्जीची वाट पाहणे आले. डॉ. लोहियांनी चौखंबा राज्याची कल्पना मांडली, तीत गाव, जिल्हा, प्रांत आणि केंद्र हे चार खांब सारख्याच अधिकाराने उभे होते. १९९३ मध्ये अमलात आलेल्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांना अठरा विषयांची यादी दिली. यादी मोठी आहे, तिजोरी मात्र दिली नाही.

अशा स्थितीत वाहतुकीवर उमेदवारांची मते साधारण तीन प्रकारची असतात. पहिले मत उड्डाणपुलाचे. राष्ट्रीय महामार्ग केंद्राचा असतो. त्यावर पूल कोठे, बोगदा कोठे, जोडरस्ता किती रुंद, हे नगरपरिषद ठरवीत नाही. ती फक्त ठराव करून पाठवू शकते. हे स्पष्ट न सांगता पुलाचे आश्वासन देणारा उमेदवार दुसऱ्याच्या खिशातून दान करीत असतो.

दुसरे मत, बाजार गावाबाहेर न्यावा. यात तथ्य आहे, म्हणून ते अधिक सावधपणे तपासले पाहिजे. बाजार बाहेर गेला की गावातील रस्ते मोकळे होतील, हे खरे. पण जेथे बाजार जाईल, तेथील जमिनीचा भाव रातोरात चढेल. ही जमीन आधीच कोणाकडे आहे, हे विचारावे लागेल. हमाल आणि मापाडी रोज किती लांब जाणार, त्यांच्या पिण्याच्या पाण्याची, शौचालयाची आणि विसाव्याची सोय नव्या आवारात पहिल्या दिवसापासून असेल काय, हेही विचारावे लागेल. हमालांच्या संरक्षणासाठी महाराष्ट्राने १९६९ मध्ये माथाडी कायदा केला, तो लढ्याने मिळाला. स्थलांतराच्या धांदलीत तो बाजूला पडू देता कामा नये. शेतकरी हा आपल्या चळवळीचा आधार आहे आणि बाजार त्याच्या सोयीने चालला पाहिजे. परंतु शेतकऱ्याच्या नावाखाली भूखंडाचा सौदा होत असेल, तर तो उघड करणे हेही शेतकऱ्याचेच काम आहे.

तिसरे मत सर्वांत सोपे आणि म्हणून सर्वांत लोकप्रिय : फेरीवाले हटवा. चारचाकी गाडी रस्त्याच्या कडेला तासन्‌तास उभी राहते, तिला कोणी अतिक्रमण म्हणत नाही. भाजीची पाटी तेवढ्याच जागेत एका घराचे पोट भरते, तिला मात्र म्हणतात. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने आधी विक्रेत्यांची पाहणी आणि मगच नियमन, असा क्रम घालून दिला आहे. नगर पथविक्रेता समितीत किमान चाळीस टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांनी निवडलेले असले पाहिजेत आणि त्यांत एक तृतीयांश स्त्रिया. ही समिती झाली का, एवढाच प्रश्न पुढच्या प्रत्येक सभेत कार्यकर्त्याने विचारत राहावे.

या तिन्ही मतांमागे मोजणी नसते, ही आणखी एक उणीव. धनंजयराव गाडगीळांनी १९३० च्या दशकात मुंबई इलाख्याच्या सहा जिल्ह्यांतील मोटारबस वाहतुकीची पाहणी केली होती. साधने तुटपुंजी होती, तरीही आधी आकडे आणि मग मत, हा शिरस्ता त्यांनी पाळला. आजच्या उमेदवाराच्या खिशात गणकयंत्रासकट फोन असतो, पण बाजाराच्या दिवशी चौफुलीवरून किती वाहने जातात, त्यांतली गावची किती आणि नुसती गावातून पुढे जाणारी किती, हे कोणी मोजलेले नसते. चार महाविद्यालयीन विद्यार्थी तीन दिवस उभे केले, तर हे काम होते.

आता वाढीकडे वळू. ‘विकास’ हा शब्द इतका झिजला आहे की त्याऐवजी ‘वाढ’ म्हणणेच प्रामाणिकपणाचे. शेतजमीन बिगरशेती होते, ले-आउट पडतो, गुंठ्याच्या भावाने प्लॉट विकले जातात. जमिनीच्या मालकाने त्या जमिनीत एक विटही न लावता तिचा भाव चढतो, तो गावाच्या रस्त्यामुळे, बाजारामुळे आणि शाळा-महाविद्यालयामुळे. तो भाव समाजाने निर्माण केलेला असतो आणि मालकाच्या खिशात जातो. मागे राहतात ते अरुंद रस्ते, नसलेली गटारे आणि भराव टाकून बुजवलेले नाले. यालाच अर्थशास्त्रात खाजगी लाभ आणि सामाजिक खर्च यांतील तफावत म्हणतात. पिगूने १९२० मध्येच ती मांडली. पिगू काही समाजवादी नव्हता. पण त्याने सांगितलेले तत्त्व आमच्या नगररचना कायद्यात अंशतः आले आहे : १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमात १९९२ मध्ये विकास शुल्काचे प्रकरण घातले गेले. उमेदवाराने सांगावयास हवे ते हे, की हे शुल्क पूर्ण वसूल करू आणि ते त्याच भागाच्या गटारावर व रस्त्यावर खर्च करू. त्याऐवजी ऐकू येते ते, घरपट्टी वाढू देणार नाही. एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबाची घरपट्टी वाढू नये, हे बरोबर. पण महामार्गालगतच्या मंगल कार्यालयाची, लॉन्सची आणि गोदामाचीही वाढू नये, असे म्हणणारा नेमका कोणाचा कैवार घेत असतो?

सांडपाण्याकडे आले की उमेदवारांचा उत्साह मावळतो, कारण गटार जमिनीखाली जाते आणि त्यावर नावाची पाटी लावता येत नाही. अंकगणित मात्र साधे आहे. गटारव्यवस्था असलेल्या गावासाठी माणशी रोज १३५ लिटर पाण्याचे प्रमाण शासन धरते आणि त्यातील सुमारे ऐंशी टक्के पाणी सांडपाणी होऊन परत येते. म्हणजे माणशी १०८ लिटर. चाळीस हजार वस्तीचे गाव धरले, तर दिवसाला ४३ लाख लिटरांवर सांडपाणी. नळाची योजना आणताना हे पाणी पुढे कोठे जाणार याचा विचार झाला नाही, तर पाणीपुरवठा वाढवणे म्हणजे डबके वाढवणे. पिंपळगावच्या परिसरात तर काळी चिकण जमीन. पाणी शोषण्याची तिची ताकद कमी, म्हणून शोषखड्डा आणि सेप्टिक टँक यांवर भिस्त ठेवून वस्ती वाढवणे येथे विशेष धोक्याचे. आणि गाव आपले पाणी ज्या खोऱ्यात सोडते, ते कादवेचे. कादवा नांदूरमध्यमेश्वर येथे गोदावरीला मिळते, जेथील पाणथळ जागेला २०२० मध्ये राज्यातील पहिले रामसर स्थळ म्हणून मान्यता मिळाली. पक्षी पाहायला येणाऱ्यांना वरच्या गावांच्या गटारांची कल्पना नसावी.

गटाराचे राजकारण क्षुद्र आहे, क्रांतीशी त्याचा काय संबंध, असे म्हणणारे आपल्यातही आहेत. अमेरिकेतील मिल्वॉकी शहरात १९१० मध्ये एमिल सायडेल हा समाजवादी महापौर निवडून आला. पुढे डॅनियल होन १९१६ पासून १९४० पर्यंत आणि फ्रँक झायडलर १९४८ पासून १९६० पर्यंत त्या पदावर होते. सार्वजनिक आरोग्य, बागा, स्वच्छ कारभार आणि सांडपाणी, हाच त्यांचा कार्यक्रम. १९३२ च्या पक्ष अधिवेशनात मॉरिस हिलक्विट याने त्यांना ‘गटार-समाजवादी’ म्हणून हिणवले. मिल्वॉकीच्या लोकांनी ती शिवी बिरुदासारखी मिरवली. आपल्याकडे तर याहून जुने उदाहरण आहे. महात्मा फुले १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सभासद होते. व्हाइसरॉय लिटन पुण्यास येणार म्हणून त्याच्या स्वागतासाठी एक हजार रुपये खर्चण्याचा ठराव आला, तेव्हा त्यांनी एकट्याने विरोध केला. शहराच्या पैशाने कमानी उभारायच्या की लोकांच्या गरजा भागवायच्या, हा वाद तेव्हाही पालिकेच्या सभागृहातच झाला. आजचे ‘सुशोभीकरण’ आणि ‘स्वागत कमान’ या रकमांकडे पाहिले, की तो संपलेला दिसत नाही.

भुयारी गटार म्हणणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला एक प्रश्न विचारला पाहिजे, तो म्हणजे या गटारात उतरणार कोण? २०१३ च्या कायद्याने हाताने मैला साफ करवून घेणे आणि गटारात वा सेप्टिक टँकमध्ये संरक्षक साधनांशिवाय माणूस उतरवणे हा गुन्हा ठरवला. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अशा मृत्यूसाठी दहा लाख आणि २०२३ मध्ये तीस लाख रुपये भरपाई ठरवली. भरपाईची रक्कम वाढवावी लागली, यातच सारे आले. यंत्राची तरतूद नसलेला भुयारी गटाराचा आराखडा हा कोणाच्या तरी मरणाची तरतूद करून ठेवतो. ते मरण कोणत्या जातीच्या वाट्याला येते, हे या सभागृहात सांगण्याची गरज नाही. काम ठेकेदाराकडे दिले म्हणून नगरपरिषदेची जबाबदारी संपत नाही, हेही निविदेच्या अटींतच लिहून घेतले पाहिजे.

आणखी एक वर्ग उमेदवारांच्या नजरेतून सुटतो, कारण तो मतदार यादीत नाही. द्राक्षाच्या छाटणीच्या आणि खुड्याच्या हंगामात सुरगाणा, पेठ या भागांतून आदिवासी मजूर कुटुंबे निफाड तालुक्यात येतात. ती राहतात गावाच्या कडेला, मळ्यांत, पालांत, म्हणजे गटार जेथे संपते त्याच्या पलीकडे. त्यांच्यासाठी पाण्याचा नळ आणि शौचालय ही मते मिळवून देणारी कामे नाहीत. ती समाजवाद्यांनीच मागायची.

पैशाचे काय, हा प्रश्न उरतोच. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या वर्षांच्या अनुदानातील साठ टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छता यांसाठी बांधून दिली होती. अशा बांधील रकमेचा विनियोग कसा झाला, हे अंदाजपत्रकाच्या प्रतीत दिसते. ती प्रत मागण्याचा प्रत्येक नागरिकाला अधिकार आहे, आणि ती मागणारे मात्र फार थोडे.

नव्या नगरपरिषदेपुढील सर्वांत महत्त्वाचे काम विकास आराखड्याचे. नगररचना अधिनियमानुसार आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला, की नागरिकांना हरकती आणि सूचना देण्यासाठी तीस दिवस मिळतात. आरक्षित जागा दहा वर्षांत संपादित झाली नाही, तर मालक कलम १२७ खाली नोटीस देऊ शकतो आणि त्यानंतर चोवीस महिन्यांत नगरपरिषदेने पाऊल उचलले नाही, तर आरक्षण उडते. सांडपाणी प्रक्रियेच्या जागेचे आरक्षण असे मुकाट्याने उडणे हे अनेकांच्या सोयीचे असते. म्हणून त्या तीस दिवसांची तयारी आताच सुरू करावी. तलाठ्याकडून गावनकाशा घ्यावा. त्यावर नाले आणि ओढे निळ्या रेघेने काढावेत. कोठे भराव पडला, कोणती मोरी बुजली, पावसात कोणत्या गल्लीत किती पाणी चढते, हे प्रत्येक प्रभागातील म्हाताऱ्यांना आणि बायकांना विचारून त्याच नकाशावर टिपावे. मसुदा कचेरीत लागेल त्या दिवशी हा नकाशा त्याच्या शेजारी धरता आला पाहिजे.