नाकाच्या शेंड्यावर चालणारा माउस



संगणकासमोर बसलं की आपला हात आपोआप माउसकडे जातो. पण ज्यांचा हातच ऐकत नाही, त्यांनी काय करायचं? सेरेब्रल पाल्सी असलेल्या कित्येक मुलांची बुद्धी तल्लख असते. मात्र बोलणं स्पष्ट होत नाही, बोटं वळत नाहीत. मनात उत्तर तयार असतं, ते बाहेर यायला वाट नसते.

अमेरिकेतल्या बॉस्टन कॉलेजमध्ये जेम्स गिप्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात अशी एक वाट काढली. तिचं नाव 'ईगलआईज'. डोळ्याच्या पुढच्या आणि मागच्या भागात सूक्ष्म विद्युतदाबाचा फरक असतो. चेहऱ्यावर पाच इलेक्ट्रोड चिकटवून डोळ्यांची हालचाल त्यावरून टिपायची आणि पडद्यावरचा बाण हलवायचा. उपाय चालला; पण दर वेळी इलेक्ट्रोड चिकटवा, तारा जोडा. शिवाय चेहऱ्याला काही लावलेलं सगळ्यांनाच सहन होतं असं नाही.

पुढे गिप्स आणि मार्ग्रिट बेटके यांनी 'कॅमेरा माउस' तयार केला. यात अंगाला काहीच लावायचं नाही, फक्त कॅमेऱ्यासमोर बसायचं. मदतनीस पडद्यावरच्या चेहऱ्यावर एक जागा निवडतो, बहुधा नाकाचा शेंडा. तेवढा छोटा चौकोन संगणक लक्षात ठेवतो. कॅमेऱ्यातून सेकंदाला ३० चित्रं येतात. प्रत्येक नव्या चित्रात त्या चौकोनाशी सर्वांत जुळणारी जागा तो शोधतो. मान डावीकडे वळली की बाणही डावीकडे सरकतो.

बाण हलला, पण 'हेच हवं' हे कसं सांगायचं? बाण एका जागी साधारण अर्धा सेकंद थांबला, तर तो होकार मानायचा. खरी मेख इथेच आहे. हालचाल टिपणं यंत्राला जमतं, हेतू ओळखणं जमत नाही. कुणी निवड म्हणून थांबलं की नुसतं विचार करत थांबलं, हे त्याला कळत नाही. वेळ कमी ठेवला तर नको ते उघडतं, जास्त ठेवला तर मान अवघडते. म्हणून हा वेळ माणूस पाहून ठरवावा लागतो.

२००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधानुसार, तीव्र अपंगत्व असलेल्या १२ जणांनी कॅमेरा माउस वापरून पाहिला आणि ९ जणांना तो जमला. त्यांनी अक्षरं निवडून निरोप लिहिले, इंटरनेट पाहिलं. २००७ मध्ये हे सॉफ्टवेअर विनामूल्य खुलं झालं. उरलेले तिघंही विसरून चालणार नाही. एक उपाय सगळ्यांना पुरत नाही, हे त्यांच्यामुळेच कळतं.

त्यानंतर तंत्र बरंच पुढे गेलं. मायक्रोसॉफ्टने २०१० मध्ये बाजारात आणलेलं 'किनेक्ट' अवरक्त किरणांच्या साहाय्याने शरीराचे २० सांधे ओळखायचं. त्याचं उत्पादन २०१७ मध्ये थांबलं. आता साध्या मोबाइलच्या कॅमेऱ्यावरूनही हाताची बोटं टिपता येतात. पण यातली बरीच साधनं आपल्याला त्यांचे ठरावीक हातवारे शिकायला लावतात. कॅमेरा माउसचा प्रश्न उलटा आहे : तुमच्या ताब्यात कोणती हालचाल आहे? मान, भुवई, अंगठा, जे असेल ते.

अपंग मुलासाठी संगणक घेताना पालकांनी आणि शिक्षकांनी यंत्राची किंमत विचारण्याआधी हा प्रश्न त्या मुलाला विचारावा. उत्तर एका छोट्याशा हालचालीत मिळेल. ती नीट पाहायला हवी.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)