गाडीचा विमा घेताना मागच्या सीटचंही विचारा



आपल्या बचत गटात कर्जासाठी जे अर्ज येतात, त्यात आता दुचाकीचा अर्ज हमखास असतो. दुधाचे कॅन डेअरीवर न्यायचे, लेकीला तालुक्याच्या कॉलेजात सोडायचं, सासूबाईंना दवाखान्यात न्यायचं, गाडी लागतेच. घेताना आपण ॲव्हरेज विचारतो, हप्ता विचारतो, व्याज विचारतो. विमा मात्र शोरूमवाला देईल तो घेतो. पुढे दर वर्षी एकच प्रश्न असतो, “सगळ्यात स्वस्त कुणाचा?” आज या प्रश्नाची जरा फोड करू या.

दुचाकीच्या विम्याचे दोन मुख्य भाग असतात. पहिला ‘थर्ड पार्टी’. आपल्या गाडीमुळे दुसऱ्या कुणाला इजा झाली, तर त्याची भरपाई यातून होते. हा भाग कायद्याने सक्तीचा आहे. तो नसेल तर पहिल्यांदा २,००० रुपये दंड, दुसऱ्यांदा ४,००० रुपये, आणि तीन महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते. दुसरा भाग आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा. गाडी पडली, जळली, पुरात गेली, चोरीला गेली, तर हा भाग कामाला येतो. तो ऐच्छिक आहे. दोन्ही भाग एकत्र असले की त्याला संपूर्ण विमा किंवा पॅकेज पॉलिसी म्हणतात.

आता खर्चाचं पाहू. थर्ड पार्टीचा दर कंपनी ठरवत नाही, सरकार ठरवतं. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांप्रमाणे ७५ ते १५० सीसीच्या गाडीला वर्षाला ७१४ रुपये, आणि १५० ते ३५० सीसीच्या गाडीला १,३६६ रुपये. जीएसटी वेगळा. गावातल्या बहुतेक गाड्या १०० ते १२५ सीसीच्या, म्हणजे ७१४ रुपयांच्या गटातल्या. कुठल्याही कंपनीकडे गेलात तरी हा आकडा तोच असतो. त्यामुळे “आमची थर्ड पार्टी स्वस्त आहे” असं कुणी सांगितलं, तर कागद नीट वाचा.

म्हणजे फरक पडतो तो दुसऱ्या भागात. इथे आधी बघायची ती ‘आयडीव्ही’. गाडी चोरीला गेली तर कंपनी जास्तीत जास्त किती देईल, तो हा आकडा. समजा, तुमच्या गाडीची मूळ किंमत ८०,००० रुपये होती. तिला तीन वर्षं होऊन गेली, चार व्हायची आहेत. नेहमीच्या तक्त्याप्रमाणे ४० टक्के घट धरून तिची आयडीव्ही ४८,००० येते. एक एजंट ४८,०००वर हप्ता सांगतो, दुसरा ३५,०००वर सांगतो. दुसऱ्याचा हप्ता कमी दिसणारच! पण गाडी गेली तर तेरा हजार कमी मिळतील. म्हणून दोन हप्ते ताडून बघताना आयडीव्ही सारखी धरा.

दुसरं, नो क्लेम बोनस. वर्षभर क्लेम केला नाही तर या दुसऱ्या भागाच्या हप्त्यात २० टक्के सूट मिळते, ती वाढत पाच वर्षांनी ५० टक्क्यांपर्यंत जाते. कंपनी बदलली तरी सूट आपल्यासोबत येते. पण पॉलिसी संपून ९० दिवस उलटले, तर ती जाते. तारीख घरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.

नवीन गाडीबाबत आणखी एक. सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांची थर्ड पार्टी एकदमच घ्यावी लागते. त्यामुळे घरात सगळे म्हणतात, “आपला पाच वर्षांचा विमा आहे.” पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग बऱ्याचदा एकाच वर्षाचा असतो. दुसऱ्या वर्षी गाडी चोरीला जाते, तेव्हा हे कळतं. कागदावर दोन्ही भागांच्या तारखा वेगवेगळ्या छापलेल्या असतात, त्या बघा. आणि विमा शोरूममधूनच घ्यायची सक्ती नाही, कुठल्याही कंपनीचा घेता येतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. गाडी चालवतो तो बहुतेक वेळा घरचा पुरुष, मागे बसतो आपण. गाडी खड्ड्यात घसरली आणि आपल्याला लागलं, तर? नुसती थर्ड पार्टी असेल तर पाठीमागे बसणाऱ्याची भरपाई विमा कंपनीवर येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००६ च्या एका निकालात सांगितलं आहे. पॅकेज पॉलिसीत मात्र कंपनीची ही जबाबदारी येते. समोरच्या गाडीची चूक असेल तर त्या गाडीच्या विम्यावर आपण दावा करू शकतो. पण आपलीच गाडी घसरली, तर चार-पाचशे रुपये वाचवलेले आपल्यालाच महागात पडतात. मागच्या सीटसाठी वेगळा अपघात विमाही थोडे पैसे जास्त भरून घेता येतो. एजंटला स्पष्ट विचारा, “मागे बसणारीचं काय?”

मालकासाठी १५ लाखांचा अपघात विमा असतो. पण त्यासाठी मालक स्वतः गाडीवर हवा आणि त्याच्याकडे चालू लायसन हवं. काही घरांत गाडी बाईच्या नावावर असते, तिच्याकडे लायसन नसतं आणि चालवतो मुलगा. अशा वेळी हे १५ लाख ना तिला लागू, ना मुलाला. गाडी तुमच्या नावावर असेल, तर लायसन काढाच. आणि वारस म्हणून कुणाचं नाव लिहिलंय, तेही पाहून घ्या.

राहिली सेवा. ती हप्त्याच्या कागदावर दिसत नाही, म्हणून विचारून घ्यावी लागते. कंपनीचं कॅशलेस गॅरेज आपल्या तालुक्यात आहे की जिल्ह्याच्या गावी? फोनवर मराठीत बोलणारं माणूस मिळतं का? आणि ज्या घरात क्लेम झाला आहे, तिथल्या बाईला विचारा, पैसे किती दिवसांत आले, किती कापले. शंभर रुपये स्वस्त असलेली पॉलिसी घेऊन जिल्ह्याला चार खेपा घातल्या, तर बसभाड्यातच ते शंभर जातात.

अपघात झाला तर कंपनीला लगेच कळवा, फोटो काढा, पाहणी होण्याआधी दुरुस्ती करू नका. चोरी झाली तर आधी पोलिसांत तक्रार. कंपनीने दाद दिली नाही तर तिच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी द्या आणि पोच घ्या. विमा नियामकाचा फुकट फोन आहे १५५२५५. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. त्यांची कार्यालयं मुंबईत आणि पुण्यात आहेत. तिथे फी नाही, वकील लागत नाही.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीने घरच्या गाडीचा विम्याचा कागद आणा. दोन्ही भागांच्या तारखा, आयडीव्ही, मागच्या सीटचा विमा आणि वारसाचं नाव, या चार गोष्टींवर पेनाने खूण करा. जी सापडणार नाही, तीच एजंटला विचारायची.