खांबाला खूण झाली, खांब बदलणार कधी?

(जिल्हा बैठकीतील भाषण)



सकाळपासून कापसाच्या भावावर बोलणे झाले. आम्ही विजेच्या खांबावर बोलणार आहोत. हसू नका. गंजीचा कडबा आणि घरात भरलेला कापूस एका ठिणगीने गेला, तर भाव मागायला माल कुठला?

अमेरिकेतल्या टेक्सास राज्याच्या उत्तर टोकाला पॅनहँडल नावाचा मुलूख आहे. पाऊस वीस इंचांच्या आतबाहेर, वारा मोकाट, पिके आपलीच, कापूस आणि ज्वारी. बाकी गवत आणि गुरे. वीज येते लाकडी खांबांवरून. २६ फेब्रुवारी २०२४ रोजी स्टिनेट गावाजवळ असा एक कुजका खांब मोडला आणि तारा वाळल्या गवतावर पडल्या. दहा लाख एकरांहून जास्त रान जळाले. दोन माणसे गेली, हजारो गुरे गेली. टेक्सासच्या इतिहासातली ही सर्वांत मोठी आग. तिथल्या विधिमंडळाच्या समितीनेही कुजक्या खांबाकडेच बोट दाखवले. पण चीड येते ती पुढच्या गोष्टीची. तो खांब तपासणीत आधीच सापडला होता, बदलायचा म्हणून नोंदही झाली होती. नोंद कागदावर राहिली, खांब रानात राहिला.

लाकडी खांब कुजतो कुठे? आपल्या मांडवाची मेढ आठवा. जमिनीलगत आणि हातभर खाली. तिथे ओलही मिळते आणि हवाही, बुरशीला आणखी काय पाहिजे? वरून खांब ठणठणीत दिसतो. म्हणून जाणता तपासनीस नुसता वर बघून जात नाही. हातोडीने ठोकून पोकळ आवाज येतो का ते ऐकतो, बुडाशी खणतो, गिरमिटाने भोक पाडून आत धड लाकूड किती उरले ते मोजतो, आणि औषध भरून भोक बुजवतो. आगीचा बंदोबस्तही असाच साधा. बुडाभोवतीचे गवत खरडायचे. कॅलिफोर्नियात आगीचा धोका असलेल्या भागात ठरावीक खांबांभोवती १० फूट जागा मोकळी ठेवण्याचा कायदाच आहे. काही ठिकाणी लेप दिलेली जाळी खांबाला गुंडाळतात. आच लागली की लेप फुगतो आणि लाकूड झाकतो.

आपले खांब बहुतेक लोखंडी नाहीतर सिमेंटचे. ते पेटत नाहीत, हे खरे. पण लोखंडही जमिनीलगतच गंजते, सिमेंट फुटून सळई उघडी पडते, आणि ताण तुटला की आपल्या काळ्या जमिनीत खांब कलायला वेळ लागत नाही. खांब कलला की तारांना झोळ येतो, वाऱ्याने त्या एकमेकींना घासतात आणि ठिणग्या पडतात त्या उभ्या ज्वारीत. १९५६ च्या वीज नियमांनी शेतातून जाणाऱ्या अकरा हजार व्होल्टपर्यंतच्या उघड्या तारा जमिनीपासून किमान ४.६ मीटर, म्हणजे पंधरा फूट, उंच ठेवायला सांगितल्या होत्या. आपापल्या शिवारात नजरेनेच अंदाज घ्या. काठी लावून मोजायला मात्र जाऊ नका, ताणालाही हात लावू नका. तारेखाली गंजी लावू नका, एवढे तर आपल्या हातात आहे.

‘तपासणी झाली’ एवढे ऐकून कोणी परत येऊ नये. कोणता खांब, दोष काय, दुरुस्ती कोण करणार आणि कोणत्या तारखेच्या आत, हे चारही लिहून मागायचे. त्या तारखेवाचून तपासणीला आम्ही कवडीची किंमत देत नाही. लाइनमनशी भांडून उपयोग नाही, त्याच्या एकट्याच्या गळ्यात गावेच्या गावे असतात. अर्ज वरच्या साहेबाला द्या आणि पोच घ्या. उद्या आग लागलीच, तर पंचनाम्याच्या वेळी ‘आम्हाला कोणी कळवलेच नाही’ असे म्हणायला जागा राहणार नाही.

पुढच्या बैठकीला प्रत्येक गावाने कललेल्या खांबांची यादी आणावी. खांबाचा नंबर, शेताचा गट नंबर आणि अर्जाच्या पोचेची नक्कल जोडावी. ज्वारी काढणीला येण्याआधी या याद्या घेऊन आपण सगळे मिळून वीज कंपनीच्या कार्यालयात जाणार आहोत.